जुना कॅमकॉर्डर कॉम्प्युटरला दिसत नाही? ड्रायव्हर नंतर, आधी कॅसेट बघा

कपाटाच्या वरच्या फळीवरून कॅमेरा निघाला. चार्जर सापडला, पिशवीच्या तळाशी एक यूएसबी केबलही मिळाली. केबल जोडली, कॅमेरा चालू केला, कॉम्प्युटरने 'टिंग' केलं आणि पुढे शांतता. फार तर एक ड्राइव्ह उघडली, तीत व्हिडिओ सोडून चार धूसर फोटो. इथवर आलेला माणूस हमखास ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला कॅमेरा ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, शोधायला लागतो. मीही लागलो होतो. दोन रात्री त्यात घालवल्यावर लक्षात आलं, की त्या कॅमेऱ्याच्या यूएसबीमधून कॅसेटवरचा व्हिडिओ कधी येणारच नव्हता. मी बंद दारावर धडका मारत बसलो होतो आणि उघडं दार शेजारीच, एका रबरी झाकणाखाली होतं.

म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून आधी एकच गोष्ट ठरवा: तुमच्या कॅमेऱ्यात चित्रण साठतं कशावर? कॅसेटवर, छोट्या डिस्कवर, आतल्या हार्ड डिस्कवर की कार्डावर? कोणती केबल, कोणता ड्रायव्हर, कोणतं सॉफ्टवेअर हे सगळं या एका उत्तरावर ठरतं.

कार्ड किंवा हार्ड डिस्क असेल तर

सुटलात. असा कॅमेरा कॉम्प्युटरच्या दृष्टीने जवळजवळ पेनड्राइव्हच असतो. तरीही दिसत नसेल तर कारणं ठरलेली आहेत.

केबल फक्त चार्जिंगची असू शकते, म्हणजे आत डेटाच्या तारा नसतात. दुसरी लावून बघा. यूएसबी हबमधून न जोडता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला जोडा. कॅमेऱ्याच्या मेनूत 'यूएसबी कनेक्ट' किंवा 'कॉम्प्युटर' असा पर्याय निवडावा लागतो. केबल लावल्यावर पडद्यावर तो प्रश्न येऊन थांबलेला असतो आणि आपण कॉम्प्युटरकडे बघत बसतो. काही मॉडेलं नुसत्या बॅटरीवर असताना यूएसबी चालूच करत नाहीत, त्यांना अडॅप्टर जोडलेला लागतो.

यातलं काहीच जमलं नाही आणि चित्रण कार्डावर असेल, तर कार्ड काढून रीडरमध्ये घाला. फार जुने रीडर दोन जीबीपर्यंतची साधी एसडी कार्डं वाचतात, एसडीएचसी वाचत नाहीत. सोनीच्या मेमरी स्टिकला तिचा स्वतःचा खाचा असलेला रीडर लागतो. 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असं कॉम्प्युटरने विचारलं तर काहीही झालं तरी 'नाही' म्हणा.

२००६ नंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्रण साठवण्याचा एव्हीसीएचडी हा प्रकार आहे. त्याच्या फायली फोल्डरांच्या आत फोल्डर करत 'स्ट्रीम' नावाच्या फोल्डरात, एमटीएस या शेपटाने ठेवलेल्या असतात. त्या तेवढ्या उचलू नका, कार्डावरचं सगळं जसंच्या तसं कॉपी करून घ्या. लांबलचक चित्रणाचे कॅमेऱ्याने तुकडे केलेले असतात आणि ते बिनसांधा जोडायला आजूबाजूच्या फायलींची माहिती लागू शकते. मॅकवर हे सगळं एकच बंद गाठोडं दिसतं. त्यावर उजवी क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' केलं की आतलं दिसतं. जेव्हीसीच्या जुन्या कॅमेऱ्यांतल्या एमओडी फायलींना घाबरू नका, तो साधा एमपेग-२ व्हिडिओ आहे. नावाचं शेपूट बदलून एमपीजी केलं की बहुतेक प्लेअर तो चालवतात.

आठ सेंटीमीटरची डिस्क असेल तर

डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर रिकामी दिसते, ही इथली नेहमीची तक्रार. ती रिकामी नसते, 'फायनलाइज' केलेली नसते, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता येईल अशी पक्की केलेली नसते. हे काम कॅमेऱ्यातच, शक्यतो ज्यात चित्रण केलं त्याच कॅमेऱ्यात करा, अडॅप्टर जोडून. एक सावधगिरी: ज्या ड्राइव्हला ट्रे नसतो, नुसती फट असते, तीत ही छोटी डिस्क घालू नका. ती आत अडकते.

कॅसेट असेल तर: खरी गंमत इथे आहे

कॅसेटवर किंवा कॅमेऱ्याच्या अंगावर चिन्ह बघा. 'मिनी डीव्ही' असेल तर ती १९९५ पासूनची, काड्यापेटीहून थोडी मोठी कॅसेट. 'डिजिटल ८' असेल तर १९९९ मध्ये आलेला सोनीचा प्रकार: कॅसेट हाय-८ ची, पण आत साठवलेला माल तोच, डीव्ही म्हणजे डिजिटल व्हिडिओ. 'एचडीव्ही' असेल तर २००३ नंतरचा. कॅसेट मिनी डीव्हीचीच, पण चित्रण हाय डेफिनिशन. नुसतं 'व्हिडिओ ८' किंवा 'हाय-८' लिहिलेला कॅमेरा डिजिटल नाहीच, त्याच्यासाठी थेट लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा.

आता यूएसबीचं कोडं. डीव्हीमध्ये चित्राचा प्रवाह सेकंदाला २५ मेगाबिट असतो. आवाज आणि बाकीची माहिती धरून सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट. त्या काळच्या कॅमेऱ्यांतली यूएसबी १.१ जास्तीत जास्त १२ मेगाबिट वाहू शकायची. अर्ध्या इंची नळातून बंबाचं पाणी कसं जाणार? म्हणून कंपन्यांनी यूएसबी ठेवली ती कार्डावरच्या फोटोंसाठी, नाहीतर कॅमेरा वेबकॅमसारखा वापरण्यासाठी. पूर्ण दर्जाचा व्हिडिओ यूएसबी २.० वरून देणारे कॅमेरे नंतर आले, पण मोजकेच. तुमचा त्यातला आहे असं मॅन्युअल सांगत नसेल तर यूएसबी केबल परत पिशवीत ठेवा.

तुम्हाला हवं ते दार म्हणजे फायरवायर नावाचं वेगळं पोर्ट. याला नावं तीन आहेत आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो: ॲपल म्हणतं फायरवायर, सोनी म्हणतं आयलिंक, कागदोपत्री नाव आयईईई १३९४. कॅमेऱ्यावर बहुधा नुसतं 'डीव्ही' किंवा 'डीव्ही इन/आउट' असं लिहिलेलं सापडतं. भोक चिमुकलं, चार पिनांचं, एका बाजूला खाच असलेलं. घाईत बघितलं तर मिनी यूएसबीच वाटतं. सोनीच्या काही हँडिकॅममध्ये ते कॅमेऱ्यावर नसतं, कॅमेरा ज्यात बसवतात त्या स्टेशनच्या मागे असतं. स्टेशन हरवलं असेल तर आधी तेच शोधावं लागेल.

कॉम्प्युटरच्या बाजूला हेच पोर्ट तीन रूपांत भेटतं. जुन्या लॅपटॉपवर चार पिनांचं, डेस्कटॉपच्या कार्डावर आणि जुन्या मॅकवर सहा पिनांचं, नंतरच्या मॅकवर नऊ पिनांचं म्हणजे फायरवायर ८००. केबल त्या हिशोबाने घ्या: चार-चार, चार-सहा किंवा चार-नऊ. वेग वेगळे असले तरी ही सगळी रूपं डीव्हीला चालतात.

एका फसवणुकीबद्दल

एका टोकाला फायरवायर, दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी केबल किंवा बोटाएवढा अडॅप्टर सर्रास विकला जातो. मी घेतलाय. चालत नाही. चालणारच नाही, कारण आत नुसत्या तारा जोडलेल्या असतात आणि या दोन पद्धतींची भाषाच वेगळी आहे. मध्ये दुभाषा नसेल तर तारा जोडून काय होणार? उलट फायरवायरच्या मोठ्या पोर्टांमधून ३० व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते, त्यामुळे अशा जुगाडात एखादं पोर्ट जळण्याचीही भीती.

चालणारे रस्ते असे. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड बसवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स किंवा व्हिया यांची चिप असलेलं. जुन्या लॅपटॉपला बाजूने एक्स्प्रेसकार्डची फट असेल तर तीत बसणारं कार्ड मिळतं. नव्या यंत्रात थंडरबोल्ट नावाचं वेगवान पोर्ट असेल तर अडॅप्टरांची साखळी करावी लागते: थंडरबोल्ट ३ वरून थंडरबोल्ट २, त्यावरून ॲपलचा फायरवायर ८०० चा अडॅप्टर, मग नऊ-चार केबल. ओंगळ दिसते, पण मॅकओएस २६ च्या आधीची प्रणाली असलेल्या मॅकवर चालते. पोर्टाचा आकार यूएसबी-सी चा आहे म्हणजे ते थंडरबोल्ट आहेच असं नाही, शेजारी विजेचं चिन्ह आहे का बघा.

मला विचाराल तर सगळ्यात कमी डोकेदुखीचा रस्ता म्हणजे कोणाकडे तरी धूळ खात पडलेला, फायरवायर असलेला विंडोज ७ च्या काळातला लॅपटॉप किंवा जुना मॅक. त्याला इंटरनेट देऊच नका. कॅसेटी उतरवायच्या, फायली बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या, झालं.

केबल जोडण्याची पद्धत

फायरवायर चालू असतानाही जोडता येतं असं कागदावर आहे. प्रत्यक्षात कॅमेऱ्यांची डीव्ही पोर्टं चालू जोडणीत मेल्याचे किस्से इतके आहेत, की मी तो धोका घेत नाही.

कॅमेरा बंद. केबलचं टोक आधी कॉम्प्युटरला, मग कॅमेऱ्याला. सहा पिनांचं टोक एका बाजूला निमुळतं असतं. ते उलटं, जोर लावून बसवलं तर वीज थेट डेटाच्या पिनांवर जाते, म्हणून आत जात नसेल तर रेटू नका. कॅमेऱ्याला बॅटरीऐवजी अडॅप्टर लावा. बॅटरीवर असताना बरेच कॅमेरे थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. कॅसेट आत घाला. मग चक्री किंवा बटण 'व्हीसीआर', 'व्हीटीआर' किंवा 'प्ले' वर नेऊन कॅमेरा चालू करा. 'कॅमेरा' मोडमध्ये ठेवलात तर कॉम्प्युटरला टेप दिसत नाही, लेन्ससमोरची भिंत दिसते.

एचडीव्ही कॅमेऱ्यात आणखी एक पाचर असते. मेनूत 'व्हीसीआर एचडीव्ही/डीव्ही' असा पर्याय असतो आणि बहुधा 'आयलिंक कन्व्हर्जन' नावाचा दुसरा. कॅमेरा एचडीव्ही देतोय आणि सॉफ्टवेअर डीव्हीची वाट बघतंय, असं झालं की 'कॅमेरा सापडला नाही' हाच निरोप येतो आणि माणूस केबलला दोष देत बसतो. कॅसेट ज्या प्रकारात भरली असेल तोच प्रकार निवडा. कन्व्हर्जन बंद ठेवा, नाहीतर हाय डेफिनिशन चित्रण साधं होऊन उतरेल. हे बदल करताना केबल काढलेली असू द्या.

विंडोज १० मध्ये ड्रायव्हर

आता ड्रायव्हरची पाळी. विंडोज ७ मध्ये फायरवायरचा जुना, 'लेगसी' ड्रायव्हर सोबतच यायचा. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने तो काढून टाकला. नवा ड्रायव्हर कार्ड ओळखतो, पण त्यावर बऱ्याच कॅमकॉर्डरांचं जमत नाही. जुना ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने वेगळा उतरवून घ्यायला दिला होता. '१३९४ ओएचसीआय लेगसी ड्रायव्हर' असं त्याचं नाव.

१. तो इन्स्टॉल करा. लक्षात घ्या, यामुळे ड्रायव्हर बदलत नाही, त्याच्या फायली फक्त 'प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)' मधल्या एका फोल्डरात येऊन पडतात. बरेच लोक इथेच थांबतात आणि 'ड्रायव्हर टाकला तरी चालत नाही' म्हणतात.

२. डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'आयईईई १३९४ होस्ट कंट्रोलर्स' खाली तुमचं फायरवायर कार्ड असेल. तेच नसेल तर कॅमेऱ्याचा विषय अजून आलेलाच नाही. कार्ड नीट बसलंय का बघा.

३. कार्डावर उजवी क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', मग कॉम्प्युटरवर शोधण्याचा पर्याय, मग 'लेट मी पिक' म्हणजे यादीतून मी निवडतो. यादीत '१३९४ ओएचसीआय कंप्लायंट होस्ट कंट्रोलर' आणि पुढे कंसात 'लेगसी' असं दिसेल. तेच घ्या. नसेल तर 'हॅव डिस्क' वर जाऊन मघाचा फोल्डर दाखवा.

४. रीस्टार्ट करा, कॅमेरा वरच्या पद्धतीने जोडा. डीव्ही कॅमेरा 'मायक्रोसॉफ्ट डीव्ही कॅमेरा अँड व्हीसीआर' अशा नावाने उगवतो. ही ओळ पहिल्यांदा उगवली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कॅमेरा पुन्हा गायब झाला तर आधी हाच ड्रायव्हर तपासा, तो परत नवा झालेला असू शकतो.

मॅकवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आयमूव्ही उघडलं की कॅमेरा दिसतो. मात्र २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ म्हणजे टाहोमधून ॲपलने फायरवायर काढून टाकलंय. तो मॅक अजून अपडेट केला नसेल तर कॅसेटी संपेपर्यंत करू नका. लिनक्समध्ये फायरवायरचा आधार कर्नलमध्येच आहे. 'डीव्हीग्रॅब' हे छोटं साधन टाका आणि कॅमेरा दिसत नसेल तर तुमचा यूझर 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये आहे का बघा, बहुधा परवानगीचाच प्रश्न असतो.

अजूनही दिसत नाही?

दोष कुठे आहे ते डिव्हाइस मॅनेजर सांगतो, नुसतं वाचता यायला हवं. कार्डावर पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर. कार्ड निरोगी आहे, पण कॅमेरा चालू-बंद केल्यावर यादी जरासुद्धा हलत नाही, तर दोष तारेत: केबल, पोर्ट किंवा कॅमेरा. आधी केबल बदला, मग कार्डावरचं दुसरं पोर्ट वापरा. कॅमेरा यादीत आहे, पण सॉफ्टवेअर म्हणतं नाही, तर एचडीव्ही-डीव्हीची गल्लत किंवा सॉफ्टवेअर. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून कॅमेरा दिसला तर आनंद होतो, पण पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कॅमेऱ्याचं डीव्ही पोर्टच गेलेलं असेल तरी कॅसेट गेलेली नाही. त्याच प्रकारचा दुसरा कोणताही कॅमेरा मागून आणा. एलपी म्हणजे लाँग प्ले वेगात भरलेल्या कॅसेटी तेवढ्या दुसऱ्या कॅमेऱ्यात कुरकुर करतात.

कॅसेट उतरवताना

पहिल्या झटक्यात सगळ्यात मोलाची कॅसेट घालू नका. वर्षानुवर्षं पडून असलेला कॅमेरा टेप गिळू शकतो. कोरी किंवा बिनमहत्त्वाची कॅसेट दोन मिनिटं चालवून बघा. मग मोलाच्या कॅसेटच्या कडेची छोटी खिटी 'सेव्ह' कडे सरकवा, म्हणजे चुकून तिच्यावर काही भरलं जाणार नाही. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. चिकटलेली टेप मोकळी होते, ताण सारखा होतो.

चित्रात चौकोनी ठोकळे येत असतील तर बहुधा हेड, म्हणजे टेप वाचणारा कॅमेऱ्यातला भाग, मळलेलं असतं. एकाआड एक आडव्या पट्ट्या गोठलेल्या दिसत असतील तर दोनपैकी एक हेड वाचत नाहीये असं समजा. कोरडी क्लीनिंग कॅसेट तिच्यावर लिहिलंय तितकेच सेकंद चालवा. ती हेड घासते, रोज उठून घालायची गोष्ट नाही.

विंडोजवर डीव्हीसाठी मी 'विनडीव्ही' वापरतो. इवलासा प्रोग्राम आहे, दिसायला कळाहीन, पण फ्रेम सुटली तर आकडा समोर दाखवतो. तो आकडा शून्य राहायला हवा. एचडीव्हीसाठी 'एचडीव्हीस्प्लिट'. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो आणि डीव्हीचे तासाला सुमारे १३ जीबी होतात. बाहेरची डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर एका फाइलला असलेल्या चार जीबीच्या मर्यादेमुळे फाइल जेमतेम २० मिनिटांत अडकेल. एनटीएफएस किंवा एक्सफॅट वापरा.

फायरवायरसाठी एवढी खटपट का, याचं उत्तर इथे मिळतं. या रस्त्याने चित्र पुन्हा टिपलं जात नाही, टेपवरचे आकडेच उचलून आणले जातात. त्यांच्यासोबत चित्रणाची तारीख-वेळही येते. माझ्या एका कॅसेटच्या लेबलवर नुसतं 'मुलं - २' लिहिलेलं होतं. विनडीव्हीने चित्रण थांबलं-सुरू झालं तिथे तुकडे केले आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घातली. अर्थात तेव्हा कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तरच. ही मूळ डीव्ही फाइल जपून ठेवा. नातेवाइकांना पाठवायला लहान एमपी४ वेगळी करा आणि ती करताना 'डीइंटरलेस' चालू ठेवा, नाहीतर हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दात दिसतील.

फायरवायर जमलंच नाही तर

मग एव्ही आउट. पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलने किंवा एस-व्हिडिओने कॅमेरा यूएसबी कॅप्चर डिव्हाइसला जोडायचा आणि टेप चालवून चित्र टिपायचं. कॅमेऱ्यात एस-व्हिडिओ असेल तर पिवळ्यापेक्षा तो घ्या, रंग स्वच्छ येतात. आवाजाच्या तारा मात्र वेगळ्या जोडाव्या लागतात. एव्ही केबल शक्यतो कॅमेऱ्यासोबतचीच वापरा. गोल पिनेची केबल बाहेरून सारखी दिसली तरी आतला क्रम कंपनीगणिक बदलतो, आणि मग स्पीकरमधून चित्र गुरगुरायला लागतं. पडद्यावरची तारीख, बॅटरीचं चिन्ह ही सगळी जत्रा आधी मेनूतून बंद करा, नाहीतर ती कायमची व्हिडिओत उमटेल.

हाय-८ आणि व्हिडिओ ८ वाल्यांसाठी एक चोरवाट आहे. डिजिटल ८ चे काही कॅमेरे या जुन्या ॲनालॉग कॅसेटीही वाजवतात आणि त्यांचं चित्र जागच्या जागी डीव्ही करून फायरवायरवर पाठवतात. सगळी मॉडेलं हे करत नाहीत, म्हणून कोणाकडून आणण्याआधी त्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. जमलं तर कॅप्चर डिव्हाइसची गरज उरत नाही. कॅमेरा 'व्हीसीआर' मोडवर ठेवायचा, केबल जोडायची आणि पुढचं सगळं वर सांगितलं तसंच.